‘पंपिंग कमी आहे’ यापुढचा प्रश्न

हृदयविकार म्हटलं की मराठी घराला पहिला आठवतो तो हार्ट अटॅक. छातीत कळ, अँजिओग्राफी, मग स्टेंट किंवा बायपास हा क्रम आता घरोघरी तोंडपाठ आहे. या पुस्तकाचा विषय त्याच्या शेजारचा असला तरी वेगळा आहे. या आजारात हृदयाच्या रक्तवाहिन्या बहुतेक वेळा मोकळ्या असतात, झडपा शाबूत असतात, रक्तदाबही फारसा चढलेला नसतो. बिघडलेला असतो तो खुद्द हृदयाचा स्नायू. कधी तो पातळ होतो आणि कप्पा फुगत जातो. कधी काही कारण दिसत नसताना तो जाड होतो. कधी ताठरतो, कधी त्याच्या जागी चरबी आणि चट्टे येतात. या सगळ्या आजारांना मिळून कार्डिओमायोपथी म्हणतात.

रुग्णाच्या हातात येतो तो इकोचा कागद. त्यावर लिहिलेलं असतं, ‘ईएफ 25 टक्के’. निरोगी हृदयाचा डावा खालचा कप्पा प्रत्येक ठोक्याला आतल्या रक्तापैकी साधारण 55 ते 70 टक्के रक्त बाहेर टाकतो, ते प्रमाण म्हणजे ईएफ. घरी गेल्यावर याचं एकच वाक्य होतं, ‘पंपिंग कमी आहे’. गोळ्या सुरू होतात, मीठ आणि पाणी मोजून घ्यायला सांगितलं जातं, आणि चौकशी बहुतेकदा तिथेच थांबते. पंपिंग कमी का झालं, हे विचारायचं राहून जातं.

मला या पुस्तकात जे सांगायचं आहे ते या एका प्रश्नाभोवती आहे. हृदय फुगलं आहे, जाड झालं आहे किंवा ताठ झालं आहे, हे त्याचं वर्णन झालं. निदान त्यानंतर सुरू होतं. कारण कळलं तर काही हृदयं पूर्ववत होतात, काहींचं बिघडणं थांबवता येतं, आणि जिथे तेही जमत नाही तिथे निदान त्या घरातली पुढची माणसं वाचवता येतात.

पुस्तक मराठीत असलं तरी ते चेन्नईत लिहिलं गेलं आहे आणि या शहराचा त्यात मोठा वाटा आहे. 1975 मध्ये इथल्या पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी भारतातली पहिली कोरोनरी बायपास शस्त्रक्रिया केली. सप्टेंबर 2008 मध्ये एका डॉक्टर दांपत्याच्या हितेंद्रन या किशोरवयीन मुलाला अपघात झाला आणि मेंदूमृत्यू जाहीर झाला. आईवडिलांनी त्याचे अवयव दान केले. पोलिसांनी रस्ते मोकळे करून दिले, त्याचं हृदय 11 मिनिटांत मोगप्पेरच्या रुग्णालयात पोचलं आणि एका लहान मुलीला बसवलं गेलं. त्याच वर्षी तमिळनाडूच्या मरणोत्तर अवयवदानाच्या कार्यक्रमाला सरकारी चौकट मिळाली. पुढच्या काळात हे शहर हृदयरोपणाचं देशातलं एक मोठं केंद्र झालं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्येच हृदयरोपणाचा प्रयत्न केला होता. तो रुग्ण काही तासच जगला. त्यानंतर मुंबईत यशस्वी रोपण झालं ते ऑगस्ट 2015 मध्ये, डॉ. अन्वय मुळे यांच्या हातून. मधल्या काळात महाराष्ट्रातल्या अनेक कुटुंबांनी चेन्नईची वाट धरली.

रोपणापर्यंत पोचणाऱ्या प्रौढ रुग्णांपैकी जगभरात साधारण निम्मे रुग्ण हृदयस्नायूच्या आजाराचे असतात. शस्त्रक्रियेत जुनं हृदय बाहेर निघतं आणि पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर जातं. त्याचे काप घेतले जातात, वजन केलं जातं, सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूचा धागा न् धागा पाहिला जातो. वर्षानुवर्षं ‘डायलेटेड कार्डिओमायोपथी’ असा शिक्का असलेल्या एखाद्या हृदयात तिथे सार्कॉइड या दाहाच्या आजाराच्या गाठी सापडतात. एखाद्यात महाकाय पेशींचा दाह दिसतो, एखाद्यात अमायलॉइड नावाचं प्रथिन साचलेलं असतं, एखाद्यात स्नायूच्या जागी चरबी भरलेली असते. खरं निदान मिळतं, पण हृदय शरीराबाहेर आल्यावर. तेच उत्तर काही वर्षं आधी मिळालं असतं तर उपचार वेगळे झाले असते. या पुस्तकाची सगळी धडपड त्या आधीच्या वर्षांसाठी आहे.

वर्गीकरण हा शब्द ऐकला की सामान्य वाचकाला तो विद्वानांचा खेळ वाटतो. इथे मात्र वर्गीकरणावर माणसाचे उपचार ठरतात, म्हणून त्याचा इतिहास थोडा समजून घेऊ. 1957 मध्ये लंडनचे वॉलेस ब्रिग्डन यांनी रक्तवाहिन्यांशी संबंध नसलेल्या हृदयस्नायूच्या आजारांना कार्डिओमायोपथी या नावाखाली एकत्र आणलं. पुढच्याच वर्षी डोनाल्ड टिअर या पॅथॉलॉजिस्टने आठ तरुण रुग्णांच्या हृदयांचं वर्णन प्रसिद्ध केलं. दोन कप्प्यांमधला पडदा एका बाजूने बेढब जाड झालेला होता आणि त्यातल्या बहुतेकांना अचानक मृत्यू आला होता. आज ज्याला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी म्हणतात त्या आजाराची ही आधुनिक ओळख. 1961 मध्ये जॉन गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाच्या आकारावरून आणि कामावरून तीन गट पाडले. फुगलेलं, जाड आणि ताठर ही आजची ढोबळ विभागणी त्याच मुळातून आली आहे.

1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीने व्याख्या केली ती अशी की कारण माहीत नसलेला हृदयस्नायूचा आजार म्हणजे कार्डिओमायोपथी. या व्याख्येत एक अडचण होती. कारण सापडलं की रुग्ण व्याख्येबाहेर जायचा. 1995 मध्ये ती बदलली आणि उजव्या कप्प्याचा, ठोक्यांची लय बिघडवणारा आजार हा आणखी एक गट जोडला गेला. 2006 मध्ये अमेरिकन तज्ज्ञांनी आनुवंशिक, संमिश्र आणि नंतर जडलेले अशी मांडणी केली. 2008 मध्ये युरोपियन तज्ज्ञांनी पुन्हा आकाराकडे वळून त्यात कौटुंबिक आणि अकौटुंबिक असे भाग केले. 2023 च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनांत आणखी एक गट आला. कप्पा फुगलेला नाही, पण स्नायूत चट्टे आहेत किंवा काम मंदावलं आहे, अशा रुग्णांना आजवर कुठल्याच खणात जागा नव्हती. ती त्यांना मिळाली.

वर्गीकरण बदललं की माणसांचं आयुष्य कसं बदलतं, याचं उदाहरण म्हणून नॉन-कॉम्पॅक्शनकडे पाहा. गर्भात हृदयाचा स्नायू सुरुवातीला जाळीदार असतो आणि पुढे तो घट्ट होत जातो. काही माणसांच्या डाव्या कप्प्यात ही जाळी मोठ्या प्रमाणात दिसते. 1980 च्या दशकात हा वेगळा आजार मानला जाऊ लागला. जाळीचा थर घट्ट थराच्या दुपटीहून जाड असेल तर आजार, असा इकोचा निकष 2001 मध्ये आला. एमआरआयसाठी 2005 मध्ये 2.3 पट हा आकडा सुचवला गेला. मग अमेरिकेतल्या एका मोठ्या लोकसंख्या-अभ्यासात हृदयविकार आणि रक्तदाब नसलेल्या माणसांच्या एमआरआयला हा निकष लावला, तेव्हा त्यांच्यापैकी 43 टक्के माणसांत हृदयाचा निदान एक तरी भाग निकषात बसला. खेळाडूंमध्ये आणि गरोदर स्त्रियांमध्येही जाळी वाढलेली दिसते असं पुढे आलं. 2023 मध्ये युरोपियन तज्ज्ञांनी हा स्वतंत्र आजार मानणं थांबवलं. आता जाळी हे एक लक्षण आहे. तिच्यासोबत पंपिंग कमी असेल, लय बिघडत असेल किंवा घरात कुणाला त्रास असेल तर त्याचा शोध घ्यायचा, आणि यातलं काही नसेल तर त्या माणसाला रुग्ण म्हणायचं नाही. इकोच्या कागदावरच्या एका ओळीमुळे धास्तावलेल्या कित्येक तरुणांना या बदलाने सुटकेचा श्वास दिला आहे.

भारतात ‘का’ हा प्रश्न आणखी निकडीचा होतो, कारण बरे होण्याजोगे अनेक आजार इथे कार्डिओमायोपथीचं रूप घेऊन समोर येतात. या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग मी त्यांना दिला आहे.

काही महिन्यांचं बाळ धापा टाकत येतं, दूध ओढताना घामाघूम होतं, इकोत हृदय फुगलेलं दिसतं. अशा बाळाच्या डाव्या हृदयधमनीचा उगम महाधमनीऐवजी फुफ्फुसाकडे जाणाऱ्या वाहिनीतून झालेला असू शकतो. शस्त्रक्रियेने ती योग्य जागी जोडली की फुगलेलं हृदय हळूहळू मूळ आकाराला येतं. दुसऱ्या बाळाच्या शरीरात ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम इतकं कमी असतं की स्नायूला आकुंचनच पेलत नाही. 2008 मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी अशा 16 बाळांची हकीकत प्रसिद्ध केली. ती सगळी सावळ्या किंवा काळ्या वर्णाच्या कुटुंबांतली होती, त्यात भारतीय उपखंडातून गेलेली कुटुंबंही होती. हा आजार टाळता येण्याजोगा आहे आणि वेळेत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व मिळालं तर हृदय सुधारतं. रक्तातल्या कॅल्शियमची साधी तपासणी एका बाळाचं भविष्य ठरवते.

वयात आलेल्या मुलीचं हृदय फुगलं असेल तर चारही हातापायांची नाडी बघावी आणि चारही ठिकाणचा रक्तदाब मोजावा. महाधमनीचा आणि तिच्या फाट्यांचा दाह आपल्याकडे तरुण मुलींमध्ये आढळतो. एका हाताची नाडी लागत नाही, दुसऱ्या हातात रक्तदाब खूप चढलेला असतो, आणि त्या दाबाखाली हृदय थकलेलं असतं. यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही, बोटं लागतात. बाळंतिणीला धाप लागली तर तो अशक्तपणा समजून सोडू नये. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत हृदयाचा स्नायू कमजोर होऊ शकतो. तो वेळेत ओळखला तर बऱ्याच स्त्रियांचं हृदय पूर्ववत होतं. मात्र पुढच्या गरोदरपणाचा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा लागतो. थायरॉइडचे विकार, दारू, कर्करोगावरची काही औषधं, वारंवार रक्त चढवल्याने साचलेलं लोह, आणि महिनोन्‌महिने वेगाने चालणारे हृदयाचे ठोके या सगळ्यांनी हृदय फुगू शकतं, आणि यातली बरीच कारणं दूर करता येतात.

क्षयरोगाचा उल्लेख इथे स्वतंत्रपणे करायला हवा. रोग्याला सॅनेटोरियममध्ये न ठेवता घरीच औषधं देऊन क्षय बरा होतो, हे 1950 च्या दशकात मद्रासमध्येच सिद्ध झालं आणि त्यावर जगभरच्या क्षयोपचाराची दिशा बदलली. तोच क्षय हृदयाभोवतीच्या पिशवीला जाड आणि टणक करतो, तेव्हा पोट आणि पाय सुजतात, मानेच्या शिरा फुगतात. ताठर स्नायूच्या आजारातही हुबेहूब असंच दिसतं. फरक मोठा आहे. पिशवी शस्त्रक्रियेने सोलून काढता येते, स्नायूचा ताठरपणा सोलता येत नाही. श्वास घेताना आणि सोडताना हृदयाच्या दोन बाजू कशा भरतात, मधला पडदा कसा हलतो, स्नायूच्या हालचालीचा वेग किती, हे इकोत बारकाईने पाहणारा डॉक्टर हा फरक सांगू शकतो. 2011 मध्ये हैदराबादच्या डॉ. कलंबूर नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पंपिंग चांगलं असूनही हृदयाचे ठोके धोकादायक वेगाने धावणाऱ्या काही रुग्णांच्या छातीतल्या लसिकाग्रंथींची बायोप्सी केली, तेव्हा क्षयाच्या किंवा सार्कॉइडच्या गाठी सापडल्या. कारण सापडल्यावर उपचार लयीपुरते न राहता मूळ आजारावर करता आले.

कारण कळण्याआधीच आजार ओसरल्याचं उदाहरणही आपल्या शेजारी आहे. केरळात एकेकाळी हृदयाच्या आतल्या अस्तरावर जाड, पांढरट थर चढणारा आजार मोठ्या प्रमाणात होता. हाच आजार 1948 मध्ये युगांडात जे. एन. पी. डेव्हिस यांनी नोंदवला होता. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांनी हा थर काढण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. त्यांनी आणि डॉ. सी. सी. कार्था यांनी मातीतलं सेरियम आणि आहारातली मॅग्नेशियमची कमतरता यांच्याकडे बोट दाखवलं. इतरांनी जंत आणि रक्तातल्या इओसिनोफिल पेशींचा संबंध मांडला. गरिबी आणि टॅपिओकावर भागणारा आहार यांचीही चर्चा झाली. राहणीमान सुधारलं तसा हा आजार केरळात विरळ होत गेला, तरी सर्वांना मान्य होईल असं एकच कारण हाती लागलेलं नाही. कारणांचा शोध किती चिवटपणे घ्यावा लागतो, याचा धडा म्हणून ते प्रकरण मी मुद्दाम सविस्तर लिहिलं आहे.

जनुकांच्या शोधाने या विषयाला मोठं वळण दिलं. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथीशी निगडित पहिला जनुकदोष 1990 मध्ये सापडला. हा आजार साधारण 500 माणसांत एकाला असतो, म्हणजे दुर्मीळ म्हणावा इतका विरळ नाही. भारतीयांच्या दृष्टीने महत्त्वाचा शोध जानेवारी 2009 मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. पेरुंदुरै धंदपाणी, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे के. थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की स्नायूच्या आकुंचनाचं नियमन करणाऱ्या एमवायबीपीसी-3 या जनुकातला 25 अक्षरांचा तुकडा भारतीय उपखंडातल्या सुमारे 4 टक्के लोकांत गळलेला असतो. ज्यांच्यात तो गळलेला आहे त्यांना हृदयस्नायूच्या आजाराचा धोका सुमारे सातपट दिसला. चार टक्के म्हणजे उपखंडात कोट्यवधी माणसं. बातमी झाली आणि काळजीही पसरली.

पुढे काय झालं तेही तितकंच महत्त्वाचं आहे. हा तुकडा गळलेली बहुसंख्य माणसं आयुष्यभर ठणठणीत राहतात, मग धोका कुठून येतो? 2018 मध्ये अमेरिकेतले शक्तिवेल सदयप्पन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा काही माणसांत त्याच जनुकात दुसरा एक बदलही असतो आणि त्यांच्या हृदयाचं आकुंचन वेगळं असतं. 2020 च्या आणखी एका अभ्यासाने जाडसर हृदयाच्या आजाराचा धोका याच जनुकातल्या, सोबत वारशाने येणाऱ्या एका तिसऱ्याच बदलाशी जोडला. तुकडा गळणं ही बऱ्याच अंशी त्याची सोबत होती. म्हणून जनुकचाचणीच्या अहवालात तेवढाच तुकडा गळल्याचं दिसलं तर कुणी स्वतःला रुग्ण समजू नये. जनुकांचे जगातले बहुतेक मोठे संग्रह युरोपियन वंशाच्या लोकांवरून तयार झाले आहेत. आपल्या माणसांत सहज आढळणारा बदल त्या संग्रहांत दुर्मीळ दिसतो आणि त्याला उगाच दोषी ठरवलं जातं. भारतीय कुटुंबांच्या नोंदी भारतात, नीट आणि मोठ्या संख्येने ठेवल्या जायला हव्यात, ही मागणी मी या पुस्तकातून आग्रहाने करतो आहे.

नोंदी ठेवण्याची परंपरा तमिळ मुलखात मराठी माणसाला परकी नाही. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी रोग्याच्या डोळ्यांच्या चित्रांसह ठेवून घेत. एकेका रुग्णाची हकीकत लिहून ठेवल्याशिवाय आजारांत फरक करता येत नाही, ही जाण त्यात आहे. हृदयस्नायूच्या आजारात ती हकीकत एका माणसाची पुरत नाही, घराण्याची लागते. तीन पिढ्यांचा वंशवृक्ष कागदावर काढावा लागतो. घरात कुणी लहान वयात गेलं का, हे विचारलं की उत्तरं येतात ती अशी: ‘काका झोपेतच गेले’, ‘आत्याला फिट यायची’, ‘मामा पोहणारा होता तरी विहिरीत बुडाला’, ‘आजोबांचं हार्ट फेल झालं’. झोपेतला मृत्यू, पट्टीच्या पोहणाऱ्याचं बुडणं, फिटसारखं कोसळणं, या प्रत्येकामागे लय बिघडलेलं हृदय असू शकतं. तमिळनाडूत मामा-भाचीचं लग्न आणि महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न अनेक समाजांत रूढ आहे. अशा घरांत एकच दोष आईवडील दोघांकडून मुलाकडे येण्याची शक्यता वाढते, आणि दोन्हीकडून आलेला दोष बहुधा लवकर आणि तीव्रपणे प्रकट होतो. हे सांगताना कुणाच्या चालीरीतीला नावं ठेवण्याचा हेतू नाही. डॉक्टरने विचारावं आणि घरच्यांनी मोकळेपणाने सांगावं, एवढ्यासाठी ते लिहिलं आहे.

हे सगळे धागे एकत्र बांधण्याचा एक चांगला प्रयत्न 2013 मध्ये झाला. इटलीच्या एलोइजा आर्बुस्तिनी, भारतीय वंशाचे जगत नरुला आणि इतरांनी मोजेस नावाची पद्धत मांडली. कर्करोगात गाठ, ग्रंथी आणि फैलाव अशा तीन अक्षरांनी आजाराची अवस्था लिहितात, त्या धर्तीवर इथे पाच गोष्टी लिहायच्या असतात. हृदयाचा आकार आणि काम कसं आहे, इतर कोणते अवयव बाधित आहेत, वारसा कसा चालत आला आहे, कारण काय आहे, आणि रुग्णाची आजची अवस्था कोणती. रोजच्या ओपीडीत ही पद्धत अवघड वाटते आणि ती सगळीकडे रुजलेली नाही. तरी तिचा मोठा गुण असा की कारणाचा रकाना रिकामा राहिला तर तो डोळ्यांसमोर रिकामा दिसतो. ‘डायलेटेड कार्डिओमायोपथी’ असं लिहून फाइल मिटवण्याची सोय ती ठेवत नाही. या पुस्तकातल्या सगळ्या प्रकरणांची मांडणी मी याच पाच प्रश्नांवर केली आहे.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्यात निरोगी स्नायू कसा काम करतो हे आहे. दुसऱ्यात तपासण्या येतात. ईसीजी काय सांगतो, इको कुठपर्यंत नेतो, एमआरआयमध्ये गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिल्यावर चट्टे कसे उजळतात, बायोप्सी कधी टाळावी आणि कधी टाळू नये. ईसीजीचं महत्त्व मी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे, कारण तो स्वस्त आहे आणि तालुक्याच्या गावीही मिळतो. हृदयाचं फक्त टोक जाड होणाऱ्या एका प्रकारात ईसीजी इतका उलटापालटा असतो की हार्ट अटॅक समजून अँजिओग्राफी होते आणि वाहिन्या स्वच्छ निघतात. वाहिन्या स्वच्छ आहेत हा दिलासा आहेच, पण ईसीजी असा का आला हे विचारणं तिथेच संपता कामा नये. तिसऱ्या भागात वर सांगितलेली कारणं एकेक करून येतात. चौथा भाग उपचारांचा आणि कुटुंबाचा आहे.

निदान चुकलं तर औषधही उलटू शकतं, याचं एक उदाहरण इथेच देतो, कारण ते घरोघरी उपयोगी पडणारं आहे. छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची सवय आपल्याकडे मुरली आहे. स्नायू जाड होऊन रक्ताची बाहेर पडण्याची वाट अरुंद झालेल्या रुग्णात ही गोळी अडथळा वाढवू शकते आणि माणूस चक्कर येऊन पडू शकतो. शरीरातलं पाणी काढणारी गोळी अतिरेकाने घेतली तरी तसंच होतं. अशा रुग्णाच्या घरच्यांनी आजाराचं पूर्ण नाव लिहिलेली चिठ्ठी त्याच्या पाकिटात ठेवावी आणि कुठल्याही दवाखान्यात गेल्यावर ती आधी दाखवावी.

हे पुस्तक मी दोन वाचकांसाठी लिहिलं आहे. एक, जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावातला कुटुंबाचा डॉक्टर. धाप लागलेला रुग्ण सर्वांत आधी त्याच्याकडे येतो आणि घराण्याची हकीकतही त्यालाच ठाऊक असते. मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाकडे महागडी यंत्रं असतात, पण काका कसे गेले हे माहीत असणारा माणूस गावात असतो. दुसरा वाचक म्हणजे रुग्ण आणि त्याचं घर. त्यांना समजेल अशा मराठीत लिहिण्याचा प्रयत्न केला आहे. ईसीजी, इको, एमआरआय, बायपास हे शब्द तसेच ठेवले आहेत, कारण दवाखान्यात तेच कानावर पडतात.

वाचकाने पुस्तक मिटल्यावर दोन गोष्टी कराव्यात अशी माझी विनंती आहे. ‘पंपिंग कमी आहे’ असं कुणी सांगितलं तर ‘कशामुळे?’ असं विचारावं आणि त्याचं उत्तर फाइलमध्ये लिहून घ्यावं. उत्तर ‘अजून कळलेलं नाही’ असं असलं तरी ते लिहिलेलं असावं, म्हणजे पुढचा डॉक्टर शोध तिथून पुढे नेईल. दुसरं, आजार आनुवंशिक असण्याची शक्यता डॉक्टरांनी बोलून दाखवली तर आईवडील, भावंडं आणि मुलं यांचा ईसीजी आणि इको करून घ्यावा, आणि पहिली तपासणी चांगली आली तरी ठरावीक काळाने ती पुन्हा करावी, कारण हे दोष वयाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर प्रकट होतात. घरातल्या एकाच्या आजाराने दुसऱ्याला वेळेवर सावध केलं तर त्या आजारावरचं ते सर्वांत परिणामकारक औषध ठरतं, आणि ते आजही प्रत्येक तालुक्यात उपलब्ध आहे.

चेन्नई